ओटा 34 इंच

भर दुपारी मॉड्युलर किचनवाला मुलगा टेप घेऊन आला आणि मी काही बोलायच्या आत भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारून मोकळा झाला. "ओटा 34 इंच, ताई. स्टँडर्ड." मी रेघेला चिकटून उभी राहिले. यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. म्हणजे आमटीला उकळी फुटली की नाही, ते मला वासावरूनच कळणार.

आई चार फूट दहा इंच. आजीच्या चुलीपुढे हा प्रश्नच नव्हता. बसल्यावर सगळ्या बायका साधारण सारख्याच. क्वार्टरमध्ये कडप्प्याचा ओटा आला, बायका उभ्या राहिल्या आणि कोण बुटकं ते उघडं पडलं. आईने पाट घेतला. पंगतीतून बाद झालेला, पितळी फुल्यांचा. एक फुली निखळलेली, त्या खळग्यात कायम कणीक. पाटावर ती बाबांच्या खांद्याला लागायची. मिठाची बरणी घ्यायला उतरली की पुन्हा छोटी. दिवसभर हे चढणं-उतरणं. आम्हाला गंमत वाटायची.

ल कॉर्बुझिए या वास्तुकाराने 'मोड्युलॉर' नावाची मापपट्टी काढली होती. तिच्यातला माणूस आधी 1.75 मीटरचा होता, मग तो 1.83 केला. का, तर इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे गडी, पोलीस वगैरे, सहा फुटीच असतात म्हणून! याच पट्टीने पुढे चंदीगडच्या इमारती बेतल्या. आमच्या कॉलनीचा गवंडी काय वाचायचा कोण जाणे.

"मला कोपराच्या चार बोटं खाली हवाय," मी ठणकावलं.

"मग खाली डिशवॉशर बसणार नाही." तो घ्यायचाच नव्हता. आता जिंकलेच, असं वाटत असताना पोराने टेप गुंडाळत विचारलं, "पण ताई, रोज उभं कोण राहतं इथे? त्यांचं माप घेतो ना."

चार वाजता मावशी आल्या. जुन्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटत होत्या. माझ्याहून चांगल्या वीतभर उंच आहेत, हे आठ वर्षांत आज पाहिलं. ओटा किती उंच हवा, विचारलं.

"तुमच्या मापाने करा की. मला काय, चार घरी चार ओटे."

त्या मुलाचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.