जंगलातनं उटीपर्यंत: तुम्ही विचारलंत म्हणून

दिवाळी तोंडावर आली की मला हा प्रश्न हमखास येतो. रंकाळ्यावर फिरताना येतो, भाजीवालीच्या पाटीपाशी येतो, कोजागरीच्या दुधाला येतो. "वैनी, पोरंबाळं, सासूबाई, सगळं लटांबर घेऊन तुम्ही जंगलातनं पार उटीपर्यंत गाडीनं जाताय. बसवताय कसं?" विचारणारीला बहुतेक वेळा हॉटेलांची नावं हवी असतात. देते की मी, त्यात काय लपवायचंय? पण हॉटेल आमच्याकडं सगळ्यात शेवटी ठरतं, आणि त्याआधी काय काय ठरतं ते सांगायला लागले की समोरची घड्याळ बघायला लागते. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

सुरुवात कॅलेंडरापासून. दिवाळीची सुट्टी म्हणजे दरवर्षी तीच हवा, असं आपण धरून चालतो. पण २०२५ ला लक्ष्मीपूजन २०-२१ ऑक्टोबरला झालं आणि २०२६ ला ते ८ नोव्हेंबरला आहे. एवढ्या अवधीत सह्याद्री पालटतो. ऑक्टोबरातली दिवाळी असेल तर ओढे अजून वाहते असतात, गवत हिरवंगार, दुपारी अंगाची काहिली आणि संध्याकाळी विजांसकट परतीचा पाऊस. नोव्हेंबरातली असेल तर गवत पिवळं पडत आलेलं, पहाटे धुकं, आणि घाटात दंवानं भिजलेला रस्ता. आपलं राधानगरी अभयारण्यसुद्धा पावसाळ्यात बंद असतं ते साधारण नोव्हेंबरच्या तोंडाला उघडतं. म्हणजे दिवाळी लवकर आली तर ऐन सुट्टीत त्यातल्या दाजीपूरचं फाटक बंद मिळू शकतं. तेव्हा आधी तारीख बघायची आणि मग कुठलं जंगल ते ठरवायचं.

कोल्हापूरकरांना आणखी दोन तारखा सांभाळाव्या लागतात, ज्या पुण्या-मुंबईच्या माणसाच्या गावीही नसतात. एक म्हणजे १ नोव्हेंबर. कर्नाटकात त्या दिवशी राज्योत्सव आणि बेळगावच्या मराठी माणसाचा काळा दिवस. एमएच ०९ ची पाटी लावून त्या दिवशी बेळगाव ओलांडायचं नाही, एवढं आमच्या घरात ठरलेलं आहे. एक दिवस आधी जा नाहीतर एक दिवस नंतर. दुसरी तारीख म्हणजे कारखान्यांची धुराडी पेटायची. गळीत हंगाम सुरू झाला की कागल, निपाणी, संकेश्वर या सगळ्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर उतरतात. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. अंधारात ती ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते. त्यातच ऊसदराचं आंदोलन पेटलं तर चक्का जाम वेगळाच. त्यामुळं निघताना पहाटे निघायचं आणि परतताना दिवस मावळायच्या आत तवंदी घाट ओलांडायचा, मग जंगलातला एखादा तास कमी झाला तरी चालेल.

आता रस्ता. आमचा ठरलेला मार्ग असा: कोल्हापूरहून बेळगाव, खानापूर करत दांडेली-गणेशगुडीच्या बाजूला पहिला मुक्काम. तिथून जोयडा, अणशी घाट उतरून कारवार. मग किनाऱ्या-किनाऱ्यानं उडुपी-कारकळपर्यंत, आणि कारकळहून पुन्हा घाट चढून कुद्रेमुख. पलीकडं कळस, मुडिगेरे, हासन, म्हैसूर. म्हैसूरहून बंडीपूर, मुदुमलै आणि उटी. नकाशावर बघितलं तर हे उलटंसुलटं दिसतं, कारण सरळ महामार्गानं म्हैसूर कितीतरी लवकर येतं. पण महामार्गानंच जायचं तर एवढा खटाटोप कशाला? अणशी, कुद्रेमुख, बंडीपूर आणि मुदुमलै ही चारही राष्ट्रीय उद्यानं, आणि चारहींतून सार्वजनिक रस्ता जातो. सफारी मिळो न मिळो, आपल्याच गाडीच्या काचेतून जंगल दिसतं. आमच्या सगळ्या बेताचा पाया हाच आहे.

आणि तो पाया बरा ठरतो. २०२५ च्या नोव्हेंबरात वाघांच्या हल्ल्यांत माणसं गेली आणि सरकारनं बंडीपूर-नागरहोळेची सफारी बंद केली. सफारीच्या बुकिंगवरच सुट्टी टांगून ठेवलेल्या लोकांची तेव्हा पंचाईत झाली. मला सफारीचं वावडं नाही. पण सासूबाईंच्या कमरेला पहाटेची उघडी जीप झेपत नाही आणि धाकटीला तीन तास गप्प बसवणं ही तर माझ्याच्यानं न होणारी गोष्ट. त्यामुळं सफारी झाली तर बोनस.

जंगलातल्या रस्त्याला मात्र फाटकं असतात, आणि फाटकांना वेळा. गुंडलुपेटहून बंडीपूरच्या जंगलात शिरणाऱ्या दोन्ही राष्ट्रीय महामार्गांवर, म्हणजे उटीकडच्या आणि सुलतान बत्तेरीकडच्या, २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. रात्री गाड्यांखाली जनावरं मरत होती म्हणून ही बंदी आली. केरळच्या बाजूनं ती उठवायची मागणी सारखी होत असते. मला विचाराल तर राहू दे. आपल्याला रात्रीचं जायचं काय अडलंय? पण बेत करताना हे डोक्यात ठेवावं लागतं. म्हैसूरहून दुपारचं जेवून आरामात निघालं तर जंगलातच कातरवेळ होते आणि पुढचा घाट काळोखात चढावा लागतो. आम्ही म्हैसूर सकाळी सहाला सोडतो. आतमध्ये कुठंही थांबता येत नाही, उतरता येत नाही, उतरलं की दंड. म्हणून गुंडलुपेटला गाडी उभी करायची आणि गरज असो नसो, सगळ्यांनी जाऊन यायचं. "मला नाही आली" हे उत्तर तिथं चालत नाही. हे वाचून हसू येईल, पण लहान पोरांबरोबर जंगल बघायचं म्हटलं की या एका थांब्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

कुद्रेमुखची गोष्ट जरा वेगळी, आणि माझा जीव तिथं जास्त. कारकळहून माळा घाट चढून वर आलं की चेकनाक्यावर गाडीचा नंबर लिहून घेतात, चिठ्ठीवर वेळ टाकतात, आणि तेवढ्या वेळात पलीकडच्या नाक्यावर पोचायचं असतं. नाक्याच्या आधी टाकी भरलेली हवी. मधे मोबाईलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवलेला हवा. आणि मग तो डोंगर सुरू होतो. आपल्याकडच्या सह्याद्रीसारखे काळे कडे तिथं नाहीत. गोल गोल, मऊ दिसणारे, गवतानं माखलेले डोंगर, आणि दोन डोंगरांच्या बेचक्यात, जिथून पाणी वाहतं तिथंच, गर्द झाडी. याला शोला म्हणतात. माथ्यावर गवत आणि घळीत झाडं, अशी ही विभागणी कुणी लावलेली नाही. पावसाचं पाणी गवत आणि झाडी धरून ठेवतात आणि वर्षभर थोडं थोडं सोडतात. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तिन्ही नद्या याच उद्यानातल्या गंगामूळला उगम पावतात. त्यातल्या दोन पुढं एकत्र होऊन तुंगभद्रा होते, आणि ती जाऊन मिळते आपल्या कृष्णेला. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला ज्या कृष्णेत जाते, तीच. हे सांगितल्यावर थोरल्यानं पहिल्यांदा मोबाईलमधनं डोकं वर काढलं.

त्याच डोंगरात लोखंडाची खाण होती. कच्चं लोखंड पाण्यात कालवून पाइपातून थेट मंगळूरच्या बंदरापर्यंत नेत. १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं तरी खाण चालूच राहिली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २००५ च्या अखेरीस ती बंद झाली. कामगारांसाठी वसवलेलं गाव अजून रस्त्याला दिसतं. एकसारखी घरं, बऱ्याच घरांना माणूस नाही, कौलांवर शेवाळ, अंगणातलं गवत खिडकीला टेकलेलं. सासूबाई काचेतून बघत म्हणाल्या, "एवढी घरं बांधून कोण गं असं सोडून जातंय?" मी त्यांना खाणीचं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांना चांदोलीतून उठवलेली गावं आठवली. त्यांच्या माहेरच्या नात्यातलं एक घर तिकडचं. २००४ ला चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, पण त्याआधी धरण आणि अभयारण्य अशा कारणांनी तिथली माणसं खाली आणली गेली होती. जंगल राखायचं तर कुणाला तरी उठावं लागतं हे खरं, पण उठणारा कोण असतो हे त्यांना माझ्यापेक्षा नेमकं ठाऊक आहे. त्या विषयावर आमचं गाडीत चांगलंच वाजलं. तेही व्हायला हवं, सारखी अंताक्षरी किती खेळणार?

जळवांचं सांगायचं राहिलं. ऑक्टोबरात कुद्रेमुखच्या कुठल्याही धबधब्यापाशी उतरलात की जळवा आल्याच. हनुमानगुंडीच्या पायऱ्या उतरायच्या आधी आम्ही निपाणीची तंबाखू पाण्यात भिजवून मोज्यांवर चोळतो. वास गाडीत दोन दिवस राहतो. तरीही एखादी चिकटतेच. ती ओढून काढायची नाही, मीठ टाकायचं, आपसूक सुटते.

कळसहून होरनाडूला जायचं ते अन्नपूर्णेश्वरीच्या दर्शनाला, असं सासूबाई म्हणतात. मी म्हणते जेवायला. तिथं येईल त्याला देवळात जेवण असतं. भात, सार, पायस, पंगतीत बसून. घाटातल्या वळणांनी ढवळलेल्या पोटाला त्या साध्या भाताइतकं बरं काही नाही. पोटाचं एकदाच सांगते: घाटाच्या दिवशी सकाळी तांबडा-पांढरा, मिसळ, वडा, काही नाही. दशमी, शेंगदाण्याची चटणी, आणि हाताशी आवळासुपारी. ज्याला मळमळतं त्याला मागच्या सीटवर मधोमध बसवायचं, म्हणजे समोरचा रस्ता दिसतो. फराळाचे डबे डिकीत. पुढं ठेवले की बेळगावच्या आत चकली संपते.

घाटात किलोमीटर मोजू नका, तास मोजा. महामार्गावर तासाला साठ-सत्तर सहज पडतात, घाटात आणि जंगलात पंचवीस-तीस पडले तरी खूप. आमचा नियम असा की ज्या दिवशी घाट, त्या दिवशी गाडीत सहा तासांपेक्षा जास्त बसायचं नाही आणि उजेड असताना मुक्कामाला पोचायचं. उतारावर आमचे हे ब्रेकवर पाय ठेवून बसत नाहीत. ज्या गिअरात चढ चढता त्याच गिअरात उतरायचं, हे ट्रकवाल्यांचं जुनं शास्त्र आहे आणि ते बरोबर आहे.

शेवटचा टप्पा निलगिरी. तिथं बाहेरच्या गाडीला २०२४ पासून ई-पास लागतो. मोबाईलवर निघतो, पण निघण्याआधी काढून ठेवा. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या चालत नाहीत, स्टीलच्या घ्या. आणि छत्री घ्या. आपला पाऊस संपला म्हणजे सगळीकडचा संपला, असं नसतं. आपल्याकडून मोसमी वारे माघारी फिरले की तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. निलगिरीच्या पूर्वेला, कुन्नूरकडं, खरा जोर तेव्हाच. दरडी पडून मेट्टुपाळयमहून वर येणारी छोटी आगगाडी याच दिवसांत बंद पडते. म्हणून उटीला आम्ही एक दिवस रिकामा ठेवतो. पाऊस नसला तर फिरायचं, असला तर खोलीत भडंग आणि पत्ते.

मुदुमलैतून उटीला जायचे दोन रस्ते. एक गुडलूरवरून, लांबचा आणि सोपा. दुसरा मसिनगुडी-कल्लहट्टीचा, छत्तीस अवघड वळणांचा. बाहेरच्या गाड्यांना तो फक्त चढायला आहे, उतरायला बंदी आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं गुडलूरच धरावं. मी स्वतः गाडी चालवत असेन तर तेच करते.

आता, "वाघ दिसला काय?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. नाही दिसला. पावसानंतर जंगलात जागोजागी पाणी असतं, त्यामुळं जनावरं पसरलेली असतात. उन्हाळ्यात काबिनीच्या काठी हत्ती गोळा होतात तसं या दिवसांत होत नाही. आम्हाला दिसतात ते चितळ, मोर, बंडीपूरला कधी हत्ती, गणेशगुडीला धनेश. आणि गवे. गवा बघायला खरं तर एवढं लांब जायचीसुद्धा गरज नाही. राधानगरी हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, १९५८ चं, आणि ते झालंच गव्यांसाठी. दाजीपूरच्या रस्त्यावर सकाळी बांबूच्या बेटाआडून एक नर बाहेर येतो, तुकतुकीत काळा, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, पाठीवर उभा कणा. गाडीपासून दहा पावलांवर थांबून फुसकन नाकपुड्यांतून हवा सोडतो. तेव्हा हॉर्न वाजवायचा नाही, इंजिन बंद करायचं आणि त्याचं होईपर्यंत बसून राहायचं.

ज्यांच्याकडं दोनच दिवस आहेत त्यांनी उटीचा नाद सोडावा. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर राधानगरी, दाजीपूर आणि परत. ऑक्टोबरात असेल तर आंबोली. हॉटेलांची नावं हवी असतील तर घरी या, वहीत लिहिलेली आहेत. येताना सहाच्या पुढं या, त्याआधी पोरांचा अभ्यास असतो.