"आपल्यातलीच रूममेट द्या, मॅडम"

जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत माझ्या ऑफिसचा हंगाम असतो. मी एका खासगी विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर, हायवेला लागून. नाव सांगत नाही, नोकरीची काही वर्षं अजून शिल्लक आहेत. अ‍ॅडमिशन झालं की पालक पावती घेऊन माझ्याकडे येतात. पाणी चोवीस तास असतं का, गेट किती वाजता बंद होतं, फॅन चालतो का, हे सगळं विचारून होतं. मग खुर्ची थोडी पुढं सरकते आणि आवाज खाली येतो. "मॅडम, तेवढं रूमचं बघा. आपल्यातलीच कुणी असली तर बरं."

टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे. काहीजण पाटीवरचं आडनाव वाचून 'आपल्यातली' म्हणतात, काहीजण ते वाचूनच म्हणायचं टाळतात. मी दोघांनाही एकच उत्तर देते: रूम चिठ्ठीनं मिळते.

चिठ्ठी टाकण्याआधी मुलींकडून एक कागद भरून घेतो. रात्री किती वाजता झोपतेस, पहाटे उठून अभ्यास करतेस का, लाइट चालू असला तर झोप लागते का, घोरतेस का (याला खरं उत्तर कुणीच देत नाही). एवढ्यावरून गट पाडायचे आणि त्यातून तिघी-तिघींची चिठ्ठी काढायची. जुन्या यादीत प्रवर्गाचा रकाना असायचा. अ‍ॅडमिशन विभागातून छापून यायची ती तशीच. क्लार्क म्हणायचे, सिस्टीममधनंच येतं. स्कॉलरशिपसाठी अकाउंट्सला तो रकाना लागतो, मान्य. पण कोण कुठल्या खाटेवर झोपणार हे ठरवायला कशाला हवा? बऱ्याच मेल-फोननंतर तो आमच्या यादीतून गेला.

मागं गेवराईकडचे एक जण आले होते. डोक्यावर टोपी, हातात मुलीची पत्र्याची पेटी. रूममध्ये आधी आलेल्या दोघींची नावं त्यांनी दारावर वाचली आणि पेटी दारातच ठेवली. एक मुलगी परभणीची, मुसलमान. दुसरी किनवटकडच्या बंजारा तांड्यावरची. त्यांचं बोलणं तसं सभ्य होतं. "आमचं काय नाही हो, पण घरी म्हातारी माणसं हायेत." मी नेहमीचं सांगितलं: दिवाळीपर्यंत राहू द्या, नाहीच पटलं तर लेखी अर्ज द्या, बदलून देईन. ते ऐकेनात. तेवढ्यात त्यांची बायको, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, पेटी उचलून आत गेली आणि खाटेखाली सरकवून बाहेर आली. "चला, यष्टी जाईल," एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर त्या मुलीनं घरून फराळ आणला. तिघींसाठी तीन डबे, आईनंच भरून दिलेले. तीन वेगळे डबे कामून, हे मी विचारलं नाही. अर्ज मात्र आला नाही. रूम बदलायचे जे अर्ज येतात ते बहुतेक कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आणि चार्जिंगच्या एकुलत्या एका पॉइंटवरून झालेल्या भांडणांचे असतात.

आमच्याकडे दरवर्षी 'विविधता सप्ताह' होतो. लावणी, कव्वाली, बंजारा नाच, शेवटी पाहुण्यांचं भाषण आणि पुष्पगुच्छ. माझा त्याला विरोध नाही, पोरी मजेत नाचतात. पण आपण इथं नको आहोत असं एखादीला वाटतं ते यादीतल्या रकान्यामुळं, फीच्या तारखेमुळं, नाहीतर मेसच्या टेबलामुळं. सप्ताहाचं बजेट दरवर्षी वाढतं आणि मी मात्र त्या रकान्यांत डोकं घालून बसते.

तारखांचंच घ्या. आमच्याकडे बीड, धाराशिव, जालन्याच्या ज्या मुली येतात, त्यातल्या काहींचे आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. आणि आमचा पालक मेळावा डिसेंबरात! रजिस्टरवर त्यांच्या नावापुढं 'अनुपस्थित' आणि शेरा, 'पालकांना पाल्याच्या शिक्षणात रस नाही.' बाप फडात कोयता घेऊन उभा आहे, आई मोळ्या बांधतेय, आणि इथं एसी हॉलमध्ये कुणीतरी त्यांना रस नसल्याचं लिहितंय. मेळावा आता दसऱ्याच्या आधी होतो. त्यासाठी कुलसचिवांना ऊसतोडीचं सगळं वेळापत्रक समजावून सांगावं लागलं. ते पुण्याचे, शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग घरी कोण असतं?" म्हटलं, म्हातारी आणि लहान भावंडं.

फीचा दुसरा हप्ता जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असायचा. ही तारीख पगारदाराच्या सोयीची. सोयाबीनवाल्याच्या हातात पैसा येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तूरवाल्याच्या जानेवारी-फेब्रुवारीत, आणि कोयत्यावर जाणाऱ्याला मुकादमाची उचल मिळते ती निघायच्या आधी. आता प्रवेशाच्या वेळीच तीन तारखांपैकी एक निवडता येते. पैसा तेवढाच येतो, अकाउंट्सचं काही अडलं नाही. आणि 'फी बाकी' असलेल्यांची नावं नोटीस बोर्डावर लावायची जी पद्धत होती ती बंद झाली. आता ज्याचा त्याला मेसेज जातो. त्या बोर्डासमोरून मान खाली घालून जाणाऱ्या पोरी मी पाहिल्यात.

एक गोष्ट अजून पुरती सुटलेली नाही. ८ जुलै २०२४ ला शासन निर्णय निघाला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क माफ. टीव्हीवर बातमी आली, 'मुलींना शिक्षण मोफत'. त्यात खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत, हे बातमीच्या खालच्या पट्टीत कुणी वाचलं? बाप येतो, सामान उतरवतो आणि मग कळतं. मी प्रवेशाच्या काउंटरवर मोठ्या अक्षरात कागद लावला: 'ही सवलत या विद्यापीठात लागू नाही, आधी चौकशी करा.' दुसऱ्या दिवशी कागद गायब. मार्केटिंगवाल्यांचं म्हणणं, अ‍ॅडमिशन तुटतील. मी परत लावते, ते परत काढतात. हंगामभर आमचा हा खेळ चालतो.

मेसचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलायला लागले तर रात्र होईल. बुधवारी आणि रविवारी चिकन असतं. शाकाहारी मुलींना वेगळी टेबलं हवीत, असा प्रस्ताव मेस कमिटीत आला. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत याच टेबलांवरून वाद पेटून विद्यार्थ्याला दंड करण्यापर्यंत गेला होता. मी म्हटलं, भांडी वेगळी, चमचे वेगळे, वाढायचं काउंटर वेगळं, सगळं करून देते. जिला वास सहन होत नाही तिनं खिडकीकडं बसावं. पण टेबलावर पाटी लागणार नाही. दोन मुली चिडून आठवडाभर रूमवरच जेवल्या. नंतर आल्या, कारण मेसची येसर आमटी रूमवर नेईपर्यंत गार होते. रमजानात सहरीसाठी पहाटे मेस उघडायची म्हटल्यावर ठेकेदार म्हणाला, "एवढ्या पहाटं कुकर कोण लावणार?" एका आचाऱ्याला जादा पैसे दिले, त्यानं लावला. परीक्षा जवळ असली की रोजे न धरणाऱ्या मुलीही त्या वेळी चहाला यायला लागल्या, तेव्हा ठेकेदारानं चहाचे वेगळे पैसे मागितले. तो ठेकेदार आहे, त्याचं बरोबर आहे.

भाषेचा मामला जरा नाजूक. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूत शिकले. मराठी घरातला मुलगा, पण गणित उर्दूत, इतिहास उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमाचं, आणि पुढं शिकायचं तर बहुतेकांना तिकडंच जावं लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. १९५० मध्ये बाबासाहेबांनी इथं मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. आजोबा सांगायचे, वर्गात समजत नसलं तरी विचारायची हिंमत नव्हती, कारण विचारायचं तेही उर्दूतच. आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात सर "एनी डाउट्स?" म्हणतात तेव्हा जी शांतता पसरते ना, तेव्हा मला आजोबा आठवतात. उर्दूच्या जागी इंग्रजी आली, एवढंच.

सरांना मी काय सांगणार? माझ्या हातात वसतिगृहाची अभ्यासिका आहे. तिथं रात्री जेवणानंतर तिसऱ्या वर्षाच्या मुली पहिल्या वर्षाच्यांना शिकवतात, ज्या बोलीत जमेल त्या बोलीत. मेकॅनिक्स मराठीत, मॅथ्स दख्खनी उर्दूत, एकदा तर दोघी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत इलेक्ट्रिकलवर भांडत होत्या. विचारायला इथं कुणी लाजत नाही. सेमिस्टर संपलं की शिकवणाऱ्या मुलींना मेस बिलात सूट मिळते. ते मात्र मी कुलगुरूंकडून लेखी मंजूर करून घेतलं, कारण फुकटचं सीनियरपण लवकर रॅगिंगकडं झुकतं.

बोलण्याची टिंगलही होते. पुण्या-नाशिककडच्या मुली "काय करायलीस?"ची नक्कल करतात. म्हणून ओरिएंटेशनला माइकवर मी मुद्दाम माझ्या अंबाजोगाईच्या बोलीत बोलते. मागच्या रांगेत हसू फुटतं, मग थांबतं. माणूस कितीही हसरा असला तरी गेटपासवर सही रेक्टरचीच लागते.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१२ च्या नियमांप्रमाणं समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असावा लागतो. आमच्याकडे दोन्ही आहेत, पितळी पाटीसकट. तक्रारपेटीही होती, प्रशासकीय इमारतीच्या दारात, बरोबर सीसीटीव्हीखाली. त्यात चिठ्ठी टाकायला कोण जाईल? वर्षअखेरीच्या अहवालात 'एकही तक्रार नाही' असं अभिमानानं छापलं जायचं. पेटी आता वॉशरूमच्या कॉरिडॉरमध्ये आहे आणि तिची किल्ली अधिकाऱ्याकडे, माझ्याकडे नाही. कारण काही चिठ्ठ्या माझ्याबद्दलही असणार. आता अहवालात तक्रारींचा आकडा येतो. पहिल्या वर्षी तो पाहून वरच्या मजल्यावर धावपळ झाली, वातावरण बिघडलं म्हणून.

१४ जानेवारीचं सांगायचं राहिलं. संक्रांत आणि नामविस्तार दिन बहुतेक वर्षी एकाच तारखेला येतात. १९९४ मध्ये १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं, त्याआधी नामांतराच्या आंदोलनात किती वर्षं आणि किती घरं जळाली हे मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. त्या दिवशी आमच्या बऱ्याच मुली त्या विद्यापीठाच्या गेटला जातात. पूर्वी नेहमीच्या वेळेला वसतिगृहाचं गेट बंद व्हायचं, उशीर झाला की घरी फोन. वाणाला बाहेर गेलेल्या मुलींना मात्र तासभर सूट, 'सण आहे' म्हणून. आता त्या दिवशी सगळ्यांना सारखीच उशिरापर्यंत परवानगी आणि परत यायला आमच्या विद्यापीठाची बस. एका प्राध्यापकांनी विचारलं, यात राजकारण नाही का? म्हटलं, बस डिझेलवर चालते, सर.

गेल्या महिन्यात पब्लिसिटीवाल्यांचा फोन आला. नव्या माहितीपत्रकासाठी फोटो हवाय: एक हिजाबवाली, शक्य असेल तर एखादी परदेशी मुलगी आणि एक व्हीलचेअरवाली, लायब्ररीसमोर हसताना. व्हीलचेअर वापरणारी मुलगी आमच्याकडे आहे. बी.कॉमला आहे, बोलायला तिखट. ती म्हणाली, लायब्ररीसमोर कशाला, मी आत कधी गेलेच नाही. रॅम्प आहे, पण इतका उभा की खाली येताना दोघींनी मागून धरावं लागतं. नियमानं बारा फुटांना एक फूट चढ असायला पाहिजे. आमचा डोळ्यांनी बघितला तरी त्याच्या दुप्पट आहे. मी पब्लिसिटीला लिहून पाठवलं, आधी रॅम्प, मग फोटो. रॅम्पची फाइल बांधकाम विभागात आहे. फोटो त्यांनी जिमखान्यासमोर काढला, तिथं पायऱ्याच नाहीत.