वायर पुसली तरी ती लटकलेलीच

व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमाच्या व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये आहे म्हटलं की लोकांना स्फोट, राक्षस, कोसळणाऱ्या इमारती आठवतात, पण माझं काम पेंट आणि क्लीनअपचं, म्हणजे फ्रेममध्ये जे दिसायला नको ते काढून टाकायचं. त्यातला एक शॉट अजून डोक्यातून जात नाही. नायिका छतावरून खाली उडी मारते, ७ सेकंदांचा शॉट, सेकंदाला २४ धरले तर १६८ फ्रेम्स, कमरेला हार्नेस आणि त्याला दोन वायर. कॅमेरा हातात धरलेला, मागे धूर सोडलेला, आणि क्लीन प्लेट घेतलेलीच नाही. क्लीन प्लेट म्हणजे कलाकार नसताना परत घेतलेला तोच शॉट, तो असला तर आमचं अर्धं काम तिथेच वाचतं.

नसला की वायरमागचं सगळं पुढच्यामागच्या फ्रेम्समधून उचलून आणावं लागतं. भिंतीवर ते जमलं, कारण भिंत जागची हलत नाही, ट्रॅक करून, म्हणजे कॅमेऱ्यामुळे ती फ्रेममध्ये कशी सरकते ते पकडून, पॅच बसवला की झालं. धुराचं तसं नाही ना, तो दर फ्रेमला वेगळा, दुसऱ्या फ्रेममधला आणून लावला तर प्ले केल्यावर ती पट्टी थरथरते. मग आधी डीनॉइज केलं, म्हणजे चित्रावरचे बारीक दाणे (ग्रेन) काढले, वायरच्या दोन्ही बाजूंचे रंग आत ओढून मधली जागा भरली आणि वरून ग्रेन परत चढवला, कारण ग्रेन नसला तर तेवढीच पट्टी गुळगुळीत दिसते आणि डोळा नेमका तिथेच जातो.

डेलीजला, म्हणजे झालेलं काम सगळ्यांनी मिळून बघायच्या बैठकीत, शॉट लागला. वायर कुठेच नाही. सुपरवायझरनी तीनचारदा लूपवर बघितला आणि म्हणाले, "अरे, ती अजून लटकलेलीच वाटतेय."

खरंच वाटत होती! फ्रेम फ्रेम पुढे सरकवत गेलो तेव्हा कळलं, हार्नेसच्या जागी कुर्त्याचं कापड दोन्ही बाजूंनी वर खेचलेलं, टोकं आलेली. वायर गेली पण तिची ओढ कापडात तशीच होती, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी ते जाणवतंच.

नुसतं वॉर्प करून, म्हणजे चित्र ताणून-वाकवून, टोकं खाली दाबली तर चुण्यांवरचा उजेड चुकीचा राहत होता. म्हणून ती खाली उतरल्यानंतरच्या फ्रेम्समधला, वायर सैल पडल्यावरचा नैसर्गिक पडलेला कापडाचा तुकडा घेतला, कमरेच्या हालचालीला चिकटवला (प्लॅनर ट्रॅक), हालचालीमुळे येणारा धूसरपणा (मोशन ब्लर) जुळवला. दुसरी गोष्ट वेगाची. मोकळं पडणारं शरीर पहिल्या अर्ध्या सेकंदात साधारण १.२ मीटर जातं आणि पूर्ण सेकंदात ४.९, वेग वाढत जातो, इथे मात्र वायरवाल्यांनी तिला जपून एकाच गतीने सोडलेलं (आणि ते बरोबरच, तिचा जीव आधी). एडिटरला विचारून शेवटचा टप्पा रीटाइमने थोडा वेगात घेतला.

रात्री उशिरा परत लावला आणि या वेळी ती पडली, वजनासकट. सुपरवायझरनी काहीच न बोलता अप्रूव्ह केला.

तेव्हापासून वायरचा शॉट हातात आला की मी वायर पुसायच्या आधी म्यूट करून नुसते कपडे, केस आणि पाय बघतो, आणि शूटच्या टीमला आधीच निरोप पाठवतो की हार्नेसवर कापड जरा सैल ठेवा आणि क्लीन प्लेट तेवढी घ्याच.