‘अमेरिकन ब्यूटी’ची परीक्षणं वाचताना आधी तारीख बघा

‘अमेरिकन ब्यूटी’ ही नोकरीला आणि संसाराला कंटाळलेल्या लेस्टरची (केव्हिन स्पेसी) गोष्ट. या सिनेमाचं नाव काढलं की दोन ठरलेली मतं ऐकू येतात. काहींना तो नव्वदच्या दशकातला थोर सिनेमा वाटतो, तर काहींच्या मते तो उगाच डोक्यावर घेतला गेला. दोन्ही बाजू पुरावा म्हणून परीक्षणंच पुढे करतात. पण ती कधी लिहिली गेली, हे बघितल्याशिवाय त्यांचा नीट उपयोग होत नाही.

पहिली खेप सप्टेंबर १९९९ची. टोरांटो महोत्सवात प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच महिन्यात सिनेमा अमेरिकेत लागला. दिग्दर्शक सॅम मेंडिस नाटकातून आलेला, हा त्याचा पहिलाच सिनेमा. पटकथाकार ॲलन बॉल टीव्ही मालिका लिहिणारा. खर्च सुमारे दीड कोटी डॉलर, जगभरची कमाई ३५ कोटींच्या वर. अमेरिकन समीक्षक रॉजर इबर्टने चारपैकी चार तारे दिले. या खेपेतली परीक्षणं सर्वांत कामाची, कारण ती लिहिताना सिनेमाला ना ऑस्करचं वलय होतं, ना पुढच्या वादांचं ओझं.

दुसरी खेप डिसेंबर १९९९ ते मार्च २०००ची. ती जपून वाचावी. आदल्या वर्षी याच सिनेमाच्या स्टुडिओचा, ड्रीमवर्क्सचा, ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीत ‘शेक्सपिअर इन लव्ह’पुढे हरला होता, त्यामुळे या वेळी स्टुडिओने प्रचारात कसर ठेवली नाही. ८ नामांकनांपैकी ५ ऑस्कर मिळाले: चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, मूळ पटकथा आणि छायाचित्रण. तेव्हाच्या बऱ्याच लेखांत सिनेमापेक्षा शर्यतच जास्त आहे.

टक्क्यांवर तर विसंबूच नये. परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाचा आकडा म्हणजे किती समीक्षकांना सिनेमा आवडला याचं प्रमाण. किती आवडला हे त्यात कळत नाही. ‘बरा आहे’ आणि ‘अजोड आहे’ दोन्ही एकाच खात्यात जमा होतात, शिवाय पुढच्या वर्षांतली परीक्षणंही त्यात मिसळतात. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ गुणांची भारित सरासरी काढतं, म्हणजे काही समीक्षकांच्या गुणांना जास्त वजन देतं, पण ते सुरूच झालं २००१ मध्ये.

आता मूळ मुद्दा. २०१७ मध्ये केव्हिन स्पेसीवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले म्हणून हा सिनेमा लोकांच्या मनातून उतरला, असं सरसकट सांगितलं जातं. (२०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या दिवाणी खटल्यात ज्यूरीने त्याला जबाबदार धरलं नाही आणि २०२३ मध्ये लंडनच्या न्यायालयातून तो निर्दोष सुटला.) पण हे कारण अर्धंच खरं आहे. ‘प्रीमियर’ या सिनेमाविषयक मासिकाने २००५ मध्येच या सिनेमाला अवास्तव गाजलेल्या सिनेमांच्या यादीत टाकलं होतं. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर आणि २००८च्या मंदीनंतर, पगार आणि घर दोन्ही शाबूत असलेल्या माणसाची तगमग अनेकांना आधीइतकी जवळची वाटेना. आणि आक्षेपाची मुळं तर सिनेमातच आहेत.

सोफ्याचा प्रसंग बघा. ४२ वर्षांचा लेस्टरने ऑफिसातली नोकरी सोडलीय, नुकतीच घेतलेली जुनी फायरबर्ड गाडी दारात उभी आहे. तो बायकोशी लाडात येतो, कॅरोलिन क्षणभर विरघळते, आणि तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या हातातल्या बिअरकडे जातं. सोफ्यावर सांडेल ना! चार हजार डॉलरचा, इटालियन रेशमाचा सोफा. तो भडकतो, हा नुसता सोफा आहे म्हणून ओरडतो. पटकथेत हा प्रसंग लेस्टरच्या बाजूने झुकलेला आहे: त्याला जगायचंय, तिला वस्तू सांभाळायच्यात. त्याच्या हट्टाला मुक्ती म्हणायचं आणि तिच्या धडपडीला हाव, हा तोल पहिल्यापासून कललेला आहे. मुलीच्या मैत्रिणीवरचं त्याचं भाळणंही बराच वेळ त्याच्याच नजरेतून दिसतं.

तरी कॅरोलिन नुसती खलनायिका होत नाही, याचं श्रेय ती भूमिका करणाऱ्या ॲनेट बेनिंगला. विकायला काढलेलं घर ती स्वतः घासूनपुसून लख्ख करते, दिवसभर येणाऱ्यांना हसतमुखाने दाखवते, ते विकलं जात नाही, आणि मग पट्ट्यांच्या पडद्याआड ती रडते आणि रडल्याबद्दल स्वतःच्याच थोबाडीत मारते. हा प्रसंग पटकथेच्या लेस्टरकडच्या सगळ्या झुकावाला उत्तर देतो. बाफ्ता या ब्रिटिश पुरस्कारांत तीच सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. ऑस्कर मात्र हिलरी स्वँकला गेलं. ज्या परीक्षणात बेनिंगला एका ओळीत गुंडाळलंय, ते माझ्या लेखी अपुरंच.

कॉनरॅड हॉलच्या छायाचित्रणाबद्दल फारसा वाद नाही. जेवणाच्या टेबलाची ती चौकट बघा: आईबाप दोन टोकांना, मुलगी मधोमध, आणि कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो. बोलाचालीआधीच घराचा नकाशा समोर येतो.

संकलनाचं श्रेय मात्र परीक्षणांत क्वचितच दिसतं. सिनेमाच्या शेवटी लेस्टरचा खून होतो. मूळ पटकथेत त्याची मुलगी जेन आणि तिचा शेजारी मित्र रिकी यांच्यावर त्या खुनाचा खटला चालतो. तो भाग चित्रितही झाला होता. मेंडिसने तो संकलनात काढून टाकला. सुरुवातीची, बापाला मारण्याबद्दल बोलणाऱ्या जेनची व्हिडिओ टेप हा त्या खटल्याचाच उरलेला धागा. खटला राहिला असता तर शेवटी सगळा भर निकालावर गेला असता आणि मेल्यानंतरही ऐकू येणाऱ्या लेस्टरच्या निवेदनाला आज आहे ती जागा उरली नसती. म्हणून ज्यांना शेवट भावुक वाटतो त्यांनी आणि ज्यांना तो भिडतो त्यांनीही आपलं मत पटकथेवर नव्हे, संकलनातल्या या काटछाटीवर तपासून बघावं.