आमची वाटचाल: मणी, चाकं आणि एक आठकोनी ड्रम

सावंतवाडीची लाकडी खेळणी म्हटली की लोकांना चितारआळीतली रंगीत फळं आठवतात. आमचं काम त्याहून बारीक: मणी, गाडीची चाकं, खुळखुळ्याच्या कड्या. बाबा लेथवर कातायचे आणि आई, आत्या पडवीत बसून पॉलिश पेपरनं घासायच्या. दिवस संपेपर्यंत दोघींच्या बोटांची टोकं हुळहुळी व्हायची. मोठी ऑर्डर आली की मला आनंदाआधी ती बोटं आठवायची.

म्हणून दोन फुटी आठकोनी ड्रम बनवून घेतला, आतून पेपर लावला. लवकर काम व्हावं म्हणून जोरात फिरवला. तासाभरानं उघडला तर माल जसाच्या तसा! एवढा ड्रम मिनिटाला 54-55 फेऱ्यांवर गेला की मणी भिंतीला चिकटून नुसते फिरत राहतात. घासणं होतं ते एकमेकांवरून घसरताना. फेऱ्या 27 वर आणल्या, ड्रम अर्धाच भरला आणि तांदूळ पाखडल्यासारखा आवाज यायला लागला. आजही मी आवाजावरूनच ओळखतो.

शिवण आणि आंबा ही दोन लाकडं एका घाण्यात घालायची नाहीत, शिवण मऊ, ती आधी झिजते. आधी 120 नंबरचा खरखरीत पेपर, मग 220 चा बारीक, शेवटी मेण लावलेले लाकडी तुकडे घालून चकाकी.

पावसाळ्यानं मात्र रडवलं. कोकणातल्या हवेतला ओलावा लाकूड पिऊन घेतं, मग ड्रममध्ये ते गुळगुळीत होण्याऐवजी त्याला लव फुटते. मुंबईला गेलेले खुळखुळे आम्ही स्वतःहून परत मागवले. तान्ह्या बाळाच्या तोंडात जाणारी वस्तू आहे ती. त्या वर्षी नफा उरला नाही, पण बंद खोली, हीटर आणि ओलावा मोजायचं यंत्र आलं. 12 टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर माल ड्रमकडे जात नाही.

1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. धारदार कडांची काळजी ड्रमनंच मिटवली होती. मापाची मात्र वाढली, कारण तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा भाग घशात अडकू नये म्हणून तो तपासणीच्या 31.7 मिमी व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये आणि ड्रम थोडं लाकूड खातोच. आता कातायचं माप ती झीज धरूनच ठरतं.

आई आता घासत नाही. प्रत्येक घाण्यातला एक मणी ती गालावरून फिरवून बघते. जरा खरखर लागली की सगळा घाणा पुन्हा ड्रममध्ये.