निघायचं कधी?

पहिल्या वेळी प्रसूतिगृह घरापासून दहा मिनिटांवर होतं. कळा आल्यासारखं वाटून मी दोनदा तिथे गेले आणि दोन्ही वेळा सिस्टरांनी तपासून, "अजून वेळ आहे, घरी जाऊन झोप," म्हणत परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली.

दुसऱ्या वेळी मला सातवा लागला आणि ते प्रसूतिगृह बंद झालं. बाळंतपणं कमी, रात्री भूल देणारे डॉक्टर नाहीत, सराव राहत नाही, अशी कारणं मिळाली. खोटी नव्हती ती. पण पुढचं रुग्णालय सव्वा तासावर, आणि तो सव्वा तास कुणाच्याच हिशेबात नव्हता.

त्या रुग्णालयाच्या आवारात मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणाचं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका, चालवतात असा एक विभाग होता. एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण, बीपी-साखर नाही, आधीचं सिझर नाही, असं सगळं पाहून त्यांनी मला घेतलं. मध्येच डॉक्टरांकडे हलवावं लागलं तर? तिथल्या मिडवाइफ ताईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. इंग्लंडमधल्या २०११ च्या मोठ्या अभ्यासात मिडवाइफकडे नाव घातलेल्या पहिलटकरणींपैकी ३६ ते ४५ टक्के हलवल्या गेल्या. आधी बाळंत झालेल्यांपैकी ९ ते १३ टक्के. मी दुसऱ्या गटातली, म्हणून जरा धीर आला.

खरी भीती रस्त्याची होती. ३८ व्या आठवड्यात एकदा धावत गेलो, तर पिशवीचं तोंड जेमतेम दोन सेंटिमीटर उघडलेलं. परत जावं की थांबावं? चार तास गाडीत बसून काढले आणि कळा विरल्यावर घरी आलो. नवरा एक शब्द बोलला नाही, त्याचाच जास्त राग आला.

मग ताईंनी नियम बदलून दिला. दुसरं बाळंतपण भराभर पुढे सरकतं, तेव्हा पाच मिनिटांवर कळा यायची वाट बघायची नाही. दहा मिनिटांवर नेमाने येऊ लागल्या की फोन. वाटेतच झालं तर गाडी थांबवून अँब्युलन्सला फोन करायचा, बाळाला ओढायचं नाही, कोरडं पुसून माझ्या छातीवर ठेवून पांघरायचं, नाळ कापायची नाही. नवऱ्याने हे कागदावर लिहून गाडीत चिकटवलं.

रात्री पावणेदोनला फोन केला. "ठेवू नकोस, बोलत राहा," ताई म्हणाल्या. कळ आली आणि माझं वाक्य अर्ध्यावरच तुटलं. "निघा."

पोहोचले तेव्हा सात सेंटिमीटर. पुढचं सोपं म्हणणार नाही, पण तिथे मला कुणी घाई केली नाही. दर पंधरा मिनिटांनी, शेवटी शेवटी दर पाच मिनिटांनी, डॉपलर यंत्र पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचे. बाकी मी गुडघ्यांवर, हातांवर, हवी तशी. तासाभरात मुलगा झाला. मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, नाळेतले ठोके थांबल्यावर ती कापली आणि वार पूर्ण पडली का ते दिव्याखाली उलटसुलट करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. पुन्हा सव्वा तास. कावीळ मोजली, मर्यादेत निघाली. "दूध पाजत राहा," म्हणाले, आणि आम्ही परत निघालो.