सरांचं ग्लायडर

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा मेसेज आला तेव्हाच ठरवलं, लिहिणार तर सरांवरच. नाव टाकत नाही, आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की सायन्सचेच.

राकेश शर्मा १९८४ ला अंतराळात जाऊन आले, त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही नववीत. सरांनी बाल्साच्या हलक्या लाकडाचं ग्लायडर बनवलेलं, नाकाला मातीचा गोळा, पंखाच्या पुढच्या कडेखाली पुठ्ठ्याची बारीक पट्टी, म्हणजे पंख पुढून जरा वर कललेला, त्यानेच उचल मिळायची. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सर गुरुत्वाकर्षणच नसलं तर हे कसं उडेल? आम्ही सगळे ओरडलो, सरळ जात राहील, खाली येणारच नाही!

सर काही न बोलता वर्ग ग्राउंडवर घेऊन गेले. आधी हलक्या हाताने सोडलं, मस्त तरंगत गेलं. मग दणकून फेकलं तर नाक वर करून पठ्ठ्याने कोलांटीच मारली. म्हणाले, वेग वाढला, पंखाची उचल वजनापेक्षा जास्त झाली. आता वजनच नाही असं समजा, हवा मात्र आहे, मग हळू फेकलं तरी कोलांट्याच, आणि वेग कमी होत गेला तरी गोल तेवढाच राहणार, फक्त फिरणं मंद होत होत जाणार कारण पुढे ओढायला वजन कुठाय? मग पट्टी काढून फेकलं, ग्लायडरने थेट मातीत नाक खुपसलं. सर खूश! "हेच तिकडे, वजन नसेल तिथे, सरळ जाईल." एकाने विचारलं मग मातीचा गोळा पण काढू का, तर ओरडलेच, "अरे वजन जातं, वस्तुमान नाही जात! तोल त्याच्यावर आहे."

त्याच १९८५ च्या एप्रिलमध्ये डिस्कव्हरी यानात मुद्दाम खेळणी नेली होती, त्यात कागदी विमान पण होतं, हे मला फार नंतर कळलं. सरांना सांगायचं राहूनच गेलं.

आता माझं भोसरीत सीएनसीचं वर्कशॉप आहे, मुलगी एरोनॉटिकल करतेय, गेल्या वर्षी शुभांशु शुक्लांचे स्पेस स्टेशनवरचे व्हिडिओ बघताना मी तिला ही पट्टीची गोष्ट ऐकवली तर म्हणे बाबा, आमच्या सरांनी हे नुसतं फळ्यावर सोडवलं.

मागे शाळेत आलो तेव्हा लॅबमध्ये स्मार्ट बोर्ड दिसला, छान आहे, पण ग्राउंडच्या निम्म्या भागात पेव्हर ब्लॉक टाकलेत, तिथे ग्लायडर पडलं तर नाकच तुटणार. समितीला कळवतो, बाल्साच्या शीट मी पाठवतोय, फक्त कपाटात कुलूप लावून ठेवू नका.